फॉरमॅट मारला तरी परत का येतो?

प्रश्न : आमचा बार्शीत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं अशी कामं असतात. तीन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक जुना एक्सपीवाला खास पेजमेकरसाठी, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरसाठी, ठेवलाय. तिन्हींत 'नेश्ता' नावाचा व्हायरस असल्याचं अँटिव्हायरस सांगतो. इंजिनिअरने दोनदा येऊन सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज टाकून दिलं. आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. मध्ये एकदा अँटिव्हायरसने 'साफ' केल्यावर एकही प्रोग्राम उघडेना. ताई, मशीनच बदलावीत का?

उत्तर : दादा, मशीन बदलू नका. नवं आणलंत तरी त्यावर पेजमेकर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला तुमचा इंजिनिअर डी ड्राइव्हवरचा 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डरच उघडणार आणि नेश्ता पहिल्याच दिवशी गृहप्रवेश करणार. तुम्ही पत्रात या फोल्डरचा उल्लेख केलेला नाही, पण तो आहे हे मी मिरजेत बसून सांगते. छापखाने, झेरॉक्सवाले आणि सीएंची ऑफिसं यांचीच मशीनं मी वर्षानुवर्षं दुरुस्त करते. तो फोल्डर नसलेलं मशीन माझ्या टेबलावर अजून यायचंय.

नेश्ता हा फाइलला चिकटणारा व्हायरस आहे. तो नेटवरून स्वतः चालत येत नाही. ज्या डॉट ईएक्सई फाइलवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या फाइलवर, तुम्ही डबल क्लिक करता, तिच्या अंगावर बसून येतो. 'मेड इन बेलारूस' असं त्याच्याच पोटात लिहिलेलं सापडतं, आणि तो डेल्फी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला आहे. वय पाहता तो म्हाताराच म्हणायचा, पण आपल्या जुन्या मशीनवर त्याचं उत्तम चालतं.

डी ड्राइव्हवरची एखादी सेटअप फाइल त्याला सापडली की तो तिच्या सुरुवातीच्या ४१,४७२ बाइट उचलतो, त्यांचा काही भाग परत उलगडता येईल असा सांकेतिक करून त्या फाइलच्या शेपटाला नेऊन ठेवतो आणि रिकाम्या झालेल्या जागी स्वतः बसतो. फाइल बरोब्बर तेवढ्यानेच फुगते, म्हणजे साडेचाळीस केबीने. वीस-पंचवीस एमबीच्या फोल्डरात हे कोणाच्या लक्षात येणार?

आता इंजिनिअर फॉरमॅट करून कोऱ्या विंडोजवर ड्रायव्हरचं सेटअप चालवतो. आधी चालतो नेश्ता. तो विंडोजच्या फोल्डरमध्ये एसव्हीसीहोस्ट डॉट कॉम नावाने स्वतःची प्रत ठेवतो. नाव मुद्दाम तसं घेतलंय. खरी एसव्हीसीहोस्ट विंडोजचीच असते, पण ती डॉट ईएक्सई असते आणि सिस्टिम३२ मध्ये राहते. मग तो मूळ सेटअप टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ३५८२-४९० अशा विचित्र नावाच्या उपफोल्डरात पुन्हा जसंच्या तसं जोडतो आणि तिथून चालवतो. ड्रायव्हर व्यवस्थित बसतो, प्रिंट निघते, इंजिनिअर पैसे घेऊन जातो. तुमच्या टेम्पमध्ये हा ३५८२-४९० दिसला तर नेश्ता आहेच, अँटिव्हायरसला विचारायचीही गरज नाही.

प्रोग्राम का उघडेनासे झाले, तेही यातच आहे. नेश्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक फेरफार करून ठेवतो. कुठलीही ईएक्सई उघडायची असेल तर आधी एसव्हीसीहोस्ट डॉट कॉमकडे जा, असा तो फेरफार. बाजार समितीतल्या अडत्यासारखं आहे हे, प्रत्येक व्यवहार त्याच्या हातून. अँटिव्हायरसने तुमचा अडत्या उडवला, पण 'सगळ्यांनी अडत्याकडेच जायचं' ही पाटी तशीच राहिली. विंडोज त्याला शोधत बसतं, तो सापडत नाही आणि काहीच उघडत नाही.

उद्याची पत्रिका अडकली असेल आणि मशीन एक्सपी असेल तर एक जुनी युक्ती सांगते. विंडोज फोल्डरमधल्या रेजएडिट डॉट ईएक्सईची, म्हणजे रजिस्ट्री बदलायच्या प्रोग्रामची, कॉपी करा, कॉपीचं नाव रेजएडिट डॉट कॉम करा आणि ती उघडा. डॉट कॉम फाइलींचा रस्ता वेगळा असल्यामुळे ती उघडते. एचकी क्लासेस रूट, त्यात ईएक्सईफाइल, मग शेल, ओपन, कमांड इथपर्यंत जा. तिथल्या डीफॉल्टमध्ये फक्त अवतरणचिन्हांत टक्के-एक, मग स्पेस, मग टक्के-तारा एवढंच ठेवायचं. बाकी सगळं पुसायचं. प्रोग्राम उघडायला लागतील. पत्रिका काढा, पण मशीन बरं झालं असं समजून पुढे चालू ठेवू नका.

गंमत अशी की नेश्ता विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतल्या फाइलींच्या वाटेला जात नाही. साधारण दहा एमबीपेक्षा मोठ्या फाइलीही सोडतो. त्यामुळे मशीन कोलमडत नाही. सी ड्राइव्ह बऱ्यापैकी स्वच्छ राहतो आणि सगळी घाण डी-ई ड्राइव्हवर, पेनड्राइव्हवर आणि तुमच्या तीन मशीनमधल्या शेअर केलेल्या फोल्डरात साठते. म्हणजे तुमच्या इंजिनिअरने दोन्ही वेळा जो भाग पुसला, तिथे रोग सगळ्यात कमी होता! 'फॉरमॅट मारून देतो' हे आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवरचं औषध झालंय. पैसे लगेच मिळतात आणि गिऱ्हाईकही खूश होतं. मला या धंद्यातली ही सवय अजिबात पटत नाही.

मग करायचं काय? तिन्ही मशीन एकाच दिवशी बंद करा आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या लॅनच्या केबल काढून ठेवा. एक साफ करून लगेच दुसऱ्याला जोडलंत तर सगळी मेहनत वाया. स्वच्छ मशीनवर, शक्यतो दुसऱ्याच कोणाच्या तरी, लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करा आणि तुमची मशीनं त्यावरून चालू करा. तिथे विंडोजची ईएक्सई आपोआप चालत नाही, त्यामुळे नेश्ता नुसता पडून राहतो. मग फक्त काम उचला. पेजमेकरच्या फाइली, कोरलच्या सीडीआर, जेपीजी, पीडीएफ, एक्सेल आणि फॉन्ट एवढंच. ईएक्सई एकही नको. गिऱ्हाइकांच्या पत्रिका अशा वाचतात, कारण नेश्ता त्यांना हातच लावत नाही. त्याचा जीव प्रोग्राममध्ये.

काम उचलून झालं की हार्डडिस्कवरचे सगळे पार्टिशन पुसा, डी आणि ईसकट. पेजमेकरची मूळ सीडी कपाटात असेल तर तिच्यासारखं स्वच्छ काही नाही, कारण छापील सीडीवर कोणाला लिहिता येत नाही. सीडीवरून डीवर उतरवलेल्या प्रतीवर मात्र विश्वास ठेवू नका. ड्रायव्हर प्रिंटर कंपनीच्या साइटवरून नव्याने उतरवा. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवालं, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर चालणारं, असेल तर सेटअप विक्रेत्याकडून पुन्हा मिळतं. डोंगल तुमच्याकडे आहे तोवर तो नाही म्हणणार नाही.

आणि 'क्रॅक'चा, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या फाइलींचा, फोल्डर असेल, असतोच म्हणा, तर त्याला शेवटचा नमस्कार करा. जी फाइल 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगते, ती तसं का सांगते याचा विचार कोणीच करत नाही.

प्रश्न : मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या लॅपटॉपवर 'सॅलिटी' नावाचा व्हायरस सापडला. अँटिव्हायरसने शेकडो फाइली 'डिसइन्फेक्टेड' दाखवल्या, तरी काही सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतात आणि काही सेटअप 'इंटिग्रिटी चेक फेल्ड' म्हणतात. फाइल साफ झाली तर चालत का नाही?

उत्तर : कारण साफ झाली याचा अर्थ पूर्ववत झाली असा होत नाही. सॅलिटी नेश्तासारखा पुढे बसत नाही. तो आपला मुख्य भाग फाइलच्या शेवटच्या सेक्शनला जोडतो. प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथला मूळ कोड खोडून तो स्वतःकडे वळवणारा कोड लिहितो. हा कोड प्रत्येक फाइलमध्ये वेगळा दिसतो. तो काढायचा तर खोडलेले मूळ बाइट नेमके परत जागेवर ठेवावे लागतात. काही वेळा हे जमतं. काही वेळा शेपटाला चार बाइट जास्तीचे उरतात. प्रोग्राम चालतो, पण आपल्या बाइटची बेरीज जुळते का हे तपासणारं सेटअप लगेच हरकत घेतं. तुला दिसला तो संदेश त्यातलाच.

शिवाय व्हायरस लिहिणाऱ्यांच्याही चुका असतात. १९८७ मध्ये जेरुसलेममध्ये सापडलेल्या आणि त्याच शहराच्या नावाने ओळखल्या गेलेल्या व्हायरसला, आपण ही ईएक्सई आधीच धरली आहे, हे ओळखताच येत नसे. दर वेळी तो तिलाच पुन्हा लागायचा आणि फाइल पावणेदोन केबीहून थोडी जास्त वाढायची, शेवटी ती मेमरीत मावेनाशी व्हायची. शुक्रवारी १३ तारीख आली की तो त्या दिवशी चालवलेले प्रोग्राम पुसून टाकायचा, ते वेगळंच. तुझ्या लॅपटॉपवर सॅलिटीच्या जोडीला 'विरुट' हा दुसरा व्हायरस असेल तर एकाच फाइलवर दोघं बसलेले असतात. मग काय साफ करणार? विरुट तर एचटीएमएल फाइलींतही ओळी घुसवतो. तुझा वेब डिझाइनचा प्रोजेक्ट असेल तर प्रत्येक पान नोटपॅडमध्ये उघडून बघ, तू न लिहिलेला आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरं पान ओढून आणणारा कोड, आहे का.

माझं सरळ मत असं की ईएक्सई दुरुस्त करत बसू नये, फेकून नवी आणावी. आणलेली फाइल खरी आहे का हे बघायचं असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघ. एक बाइट जरी बदलला असेल तरी सही खोटी ठरते. छोट्या फुकट सॉफ्टवेअरना मुळात सहीच नसते, तिथे ही तपासणी कामाची नाही. आणि तुझा सेफ मोड, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींवर सुरू करायची सोय, चालत नसेल तर घाबरू नकोस. सेफ मोडच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी सॅलिटी पुसतो, तेव्हा तो त्याचाच प्रताप आहे.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त मुख्याध्यापक. एप्रिल १९९९ मध्ये आमच्या शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर एके सकाळी चालूच झाला नाही. 'व्हायरसने मशीन जाळलं' असं तेव्हा सांगण्यात आलं. व्हायरस खरोखर यंत्र जाळू शकतो का?

उत्तर : सर, जळलं काहीच नसेल. ती तारीख बहुधा २६ एप्रिल असावी. तो सीआयएच, ज्याला नंतर चेर्नोबिल म्हणू लागले. तैवानमधल्या तातुंग विद्यापीठात शिकणाऱ्या चेन इंग-हाउने तो १९९८ मध्ये लिहिला. आकाराने जेमतेम एक केबी, आणि कारागिरी अशी की ईएक्सई फाइलच्या आत कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने, सोडलेल्या रिकाम्या फटींमध्ये तो तुकड्या-तुकड्याने बसायचा. फाइल एका बाइटनेही वाढायची नाही, म्हणून नुसता आकार बघणाऱ्यांना तो कळायचाच नाही. ज्याने हे लिहिलं त्याचा राग येतो, पण डोकं मात्र होतं.

तारीख आली की तो हार्डडिस्कच्या सुरुवातीचा सुमारे एक एमबी भाग निरुपयोगी माहितीने भरायचा आणि मदरबोर्डवरच्या बायॉस चिपमध्येही कचरा लिहायचा. चिप शाबूत असायची, पण मशीनला चालू कसं व्हायचं हेच आठवायचं नाही. चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून दुसरीकडे पुन्हा लिहून आणता यायची. बोर्डवर झाळलेली असेल तर लोक अख्खा मदरबोर्ड बदलायचे. 'जाळलं' ही अफवा त्यातूनच आली असणार. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात याचा फटका मोठा बसला. हा विंडोज ९५, ९८ आणि एमईवरच चालायचा. शाळेचं ते मशीन अडगळीत असेल तर त्याच्या हार्डडिस्कवरचे जुने निकाल अजून निघू शकतात. पुसला गेला तो फक्त सुरुवातीचा भाग.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानातून मार्कशीटची प्रिंट काढून आणली, तर पेनड्राइव्हवरचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. माझी कागदपत्रं गेली का?

उत्तर : नाही. हा वरच्यांपैकी नव्हे, हा वर्म आहे. तो तुमच्या फाइलींना चिकटत नाही, त्यांना लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढे मांडतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका, तीच त्याची वाट. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवा. त्याखालचा 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा' हा पर्यायही काढा, बहुतेकजण हाच विसरतात. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. त्यातली कागदपत्रं उचला आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे फॉरमॅट चालेल! पुढच्या वेळी मार्कशीट दुकानाच्या मेलवर पाठवा, पेनड्राइव्ह घरीच ठेवा.