फर्नच्या मुळातली बुरशी: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी युरोप-अमेरिकेतल्या थंड जंगलांत नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या मुळात राहणाऱ्या बुरशीवर लिहिलं होतं, त्यावर आलेले हे प्रश्न.

जालन्याहून: बुरशी म्हणजे मर रोगच ना? मग फर्न जगतं कसं?

हरभऱ्याला मर लावणारी फ्युझेरियम वेगळी हो. ही मायकोरायझा. मुळाच्या पेशीत शिरते, तिथं बारीक फांद्या फोडते, मातीतला फॉस्फरस आणून देते आणि बदल्यात साखर-चरबी घेते. आमच्या विहिरीच्या कडेला हंसराज उगवतो, त्याचं मूळ लॅबमधे कॉस्टिक पोटॅशच्या (खताचं पोटॅश नव्हे) द्रावणात उकळून पांढरं केलं, मग निळी शाई अन् व्हिनेगरमधे उकळलं, तर मायक्रोस्कोपखाली पेशीपेशीत निळी झुडपं दिसली! ही सोयरीक लई जुनी, स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या दगडात अशीच बुरशी सापडली, आणि त्या झाडांना तर मुळंच नव्हती.

किनवटहून: बोट्रिकियम नावाचं जंगली फर्न उपटून कुंडीत लावलं तर का मरतं?

कारण त्याचं बालपण जमिनीखाली जातं. बीज नाही, बीजाणू असतो, त्यातून शेंगदाण्याहून बारीक, हिरवेपणा नसलेला गोळा तयार होतो आणि अंधारात वर्षानुवर्षं बुरशीच्या जिवावर राहतो. बुरशी ते अन्न आणते दुसऱ्या हिरव्या झाडांकडून, म्हणजे खाणारा एक आणि बिल भरणारा तिसराच. त्याच कुळातलं ऑफिओग्लॉसम नावाचं फर्न मोठं होऊन हिरवं पान वर काढलं की बुरशीला अन्न देऊ लागतं, थोडक्यात किराणा दुकानातली उधारी. आता खुरप्याने उपटलं की हे खातंच तुटतं, कुंडीत ते पुन्हा जमेलच असं नाही, तेव्हा जंगलातलं जंगलातच राहू द्या आणि फोटो काढा.

परभणीहून: फर्नच्या नात्यातल्या घोडेशेपटीत, म्हणजे इक्विसेटममधे पण ही बुरशी असते का?

कधी असते, कधी नसते. ओल्या चिखलात उगवणारी जात बऱ्याचदा बुरशीशिवायच निभावून नेते.

वसमतहून: दुकानातली मायकोरायझा पावडर हळदीला टाकू का?

टाका, पण त्याच खड्ड्यात डीएपीचा, म्हणजे फॉस्फरसवाल्या खताचा मूठभर मारा करू नका. फॉस्फरस फुकट मिळाला की मूळ बुरशीला दारातच उभं करत नाही, मग पावडरचे पैसे वाया. आधी माती तपासून घ्या.