सांगलीतील महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना उद्योजकता कशी शिकवावी?

माझ्या मते पहिल्या सत्रात व्यवसाय आराखडा लिहून घेऊच नये. विद्यार्थ्यांना आधी काहीतरी विकायला लावावे. आपल्याकडे त्यासाठी माल दूर शोधावा लागत नाही. चार-पाच जणांच्या गटाने मार्केट यार्डात हळदीचा सौदा प्रत्यक्ष पाहावा, थोडी हळकुंडे विकत घ्यावीत, ती दळून आणावीत आणि शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या करून विकाव्यात. दळताना येणारी घट, पिशवी आणि लेबलचा खर्च, हमाली, रिक्षाभाडे आणि न खपलेला माल हे सगळे धरून एका पुडीची खरी किंमत काढायला बसले, की वर्गात सहज सांगितलेला नफा बहुधा निम्म्यावर येतो. स्वतःच्या श्रमाचे मोल तर बहुतेक गट धरतच नाहीत; शिक्षकाने नेमके तिथे बोट ठेवावे. उधारीची वही मात्र रोज तपासावी, कारण ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे पैसे मागण्याचा संकोच कोणत्याही व्याख्यानाने जात नाही.

खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा नोंदणी आणि पाकिटावरील वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता हे नियम ओघाने शिकवता येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि निःशुल्क आहे, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण द्यायचे असेल, तर 1910 मध्ये माळरानावर वसलेल्या उद्योग-वसाहतीच्या गौरवापेक्षा तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी का घेत नव्हते, यावर तासभर चर्चा घ्यावी.