ती थाळी माळ्यावर टाका

प्रिय माई,

आमचा बंडू चार वर्षांचा देशी कुत्रा आहे. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली, यजमानांची बदली भोपाळला झाली, आणि घरात सासूबाई, मी आणि बंडू एवढेच उरलो. मी सकाळी साडेनऊला सुदामा नगरातून विजय नगरच्या ऑफिसला निघते आणि संध्याकाळी साडेसहाला परत येते. या नऊ तासांत बंडू अन्नाला तोंड लावत नाही. त्याचे वजन २४ किलोंवरून २२ किलोंवर आले आहे. निघताना चपला घालून झाल्या की मी भरलेली थाळी त्याच्यापुढे ठेवते, म्हणजे अन्न ताजे राहावे. चिकनचे पाणी, साजूक तूप, लसणाची फोडणी, पोह्यांवरचे जिरावण, सगळे करून झाले. गंमत म्हणजे रविवारी मी घरी असले तरी थाळी वाजली की हा दिवाणाखाली जातो. संध्याकाळी मात्र माझ्या हातून भराभर खातो. सासूबाई दिवसभर घरी असतात. पण खंडोबाचे कुत्रे म्हणून दुरून हात जोडण्यापलीकडे त्या काही करत नाहीत. दुपारी त्या जपाला बसतात तेव्हा तो देवघराच्या उंबऱ्यापाशी पडून असतो, तरी चार घास भरवावेत असे त्यांना वाटत नाही. त्यांच्याशी कसे बोलू?
— बंडूची आई, इंदूर

ताई,

तुमचे पत्र मी इथे आटोपते करून दिले आहे. मूळ पत्रातली दोन पाने सासूबाईंवर होती आणि बंडूच्या दुखण्यावर जेमतेम एक ओळ होती. तीही तुम्ही ‘गंमत म्हणजे’ असे म्हणून उरकली आहे. ज्या कुत्र्याचे सगळ्यात आवडते माणूस सुट्टीच्या दिवशी समोर बसलेले असताना जेवणाचे भांडे वाजताच तो दिवाणाखाली दडतो, त्याच्यात मला काही गंमत दिसत नाही.

त्याला तुमचा नुसता विरह सोसत नसता, तर रविवारी तो आनंदाने जेवला असता, कारण रविवारी विरह नसतो. तो जेवत नाही, कारण थाळी वाजली म्हणजे तुम्ही निघालात असे तो समजतो. रोज सकाळचा क्रम त्याच्या जागी बसून पाहा: पर्स, किल्ल्या, चपला, थाळी, दार, आणि मग नऊ तास तुम्ही नाही. कुत्र्याला घड्याळ कळत नसले तरी एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींचा क्रम त्याला पक्का कळतो, आणि तुमच्या घरच्या क्रमात तुम्ही नाहीशा होण्याआधीचा सर्वांत ठळक आवाज म्हणजे फरशीवर टेकणारी स्टीलची थाळी. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांविषयी आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेले असते. तिथे अन्नाआधी ठरावीक आवाज ऐकून ऐकून कुत्र्यांना नुसत्या त्या आवाजानेच लाळ सुटू लागली होती. तुमच्या घरी ते उलटे झाले आहे. अन्न हीच घंटा झाली आहे आणि ती वाजली की माणूस जाते.

भ्यालेले जनावर जेवत नाही याचा अर्थ ते हट्ट करते असा होत नाही. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते, हृदय जोरात चालते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मागे पडते. अशा वेळी भूक लागतच नाही, मग पुढ्यात काहीही असो. परीक्षेच्या सकाळी आईने केलेला शिरा आपल्यालाही गिळवत नसे. म्हणून तुमच्या सगळ्या पाककृती वाया गेल्या, आणि वाया गेल्या एवढेच नाही तर त्यांनी नुकसान केले: त्या घटकेला पुढे आलेल्या चिकनच्या वासालाही आता तुमच्या जाण्याचा वास चिकटला असेल. लसणाबद्दल तर मला स्पष्टच रागवावे लागेल. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा फोडणीतले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात आणि तो परिणाम बहुधा काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे फोडणीवर कोणाचा संशयही जात नाही. तुपाचा मारा त्याच्या स्वादुपिंडाला महागात पडू शकतो. जिरावणाशिवाय पोहे घशाखाली उतरत नाहीत अशा गावात मीही राहते, पण मीठ, तिखट आणि हिंग यांची ती पूड कुत्र्याच्या भातावर भुरभुरण्याची कल्पना तुम्हाला सुचली कशी, हे मला खरोखरच कळले नाही.

पोकळ खेळण्यात दही भरून, ते गोठवून, निघताना त्याला देण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. कंटाळलेल्या कुत्र्याला तो लागू पडतो. घाबरलेल्या कुत्र्यापुढे ते खेळणे संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे पडून राहते आणि आठवडाभरात थाळीच्याच पंगतीला जाऊन बसते.

आता सासूबाई. त्या घरात असूनही बंडू जेवत नाही, यावरून त्याची धास्ती एकटेपणाची नसून एका ठरावीक माणसाच्या जाण्याची आहे एवढेच सिद्ध होते. पण तुमच्याच पत्रात लिहिले आहे की दुपारी तो देवघराच्या उंबऱ्यापाशी पडून असतो. ताई, दिवसभर उपाशी असलेला आणि सकाळी दाराकडे डोळे लावून बसलेला कुत्रा अंग टाकून झोपू शकतो अशी त्या घरात एवढी एकच जागा आहे. त्या बाई त्याची समजूत घालत नाहीत, त्याच्याकडे काही मागत नाहीत, त्याच्याकडे बघून उसासे टाकत नाहीत. एका लयीत जप करत बसतात आणि जागेवरून हलत नाहीत. माझ्या आईनेही आयुष्यात कुत्र्याला कधी हात लावला नाही, आणि आमच्या घरचे प्रत्येक कुत्रे तिच्याच खाटेखाली झोपले. तुमच्या सांगण्यावरून सासूबाई उद्यापासून त्याच्या तोंडात घास कोंबू लागल्या तर तो उंबराही त्याला परका होईल. त्यांच्याशी कसे बोलावे असे तुम्ही विचारले आहे. या विषयावर त्यांच्याशी अजिबात बोलू नका.

एक प्रश्न मात्र मला तुम्हाला विचारायचा आहे, आणि त्याचे उत्तर मला कळवण्याची गरज नाही. संध्याकाळी तो तुमच्या हातून भराभर खातो हे लिहिताना तुमचे अक्षर एकदम मोठे आणि सरळ झाले आहे. मुलगी पुण्यात स्वतःचे जेवण स्वतः करून घेते, यजमान भोपाळला खानावळीचा डबा खातात, आणि तुमच्यावाचून घास न उतरणारे असे या घरात एकच जण उरले आहे. ती ओढ मला समजते. पण तिची किंमत बंडू वजनाने मोजतो आहे, म्हणून त्याला भरवणे थांबवा.

करायचे ते एवढेच आहे: ती थाळी आज रात्री माळ्यावर टाका आणि तुमच्या निघण्याच्या वेळेशी अन्नाचा संबंध कायमचा तोडा. निघताना त्याच्यापुढे काहीही ठेवायचे नाही, पोळीचा तुकडासुद्धा नाही. पाण्याचे भांडे तेवढे नेहमीच्या जागी भरलेले असू द्या. त्या भांड्याला त्याने अजून नावे ठेवलेली नाहीत, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाण्यावाचून काढण्यासारखा नसतो. सकाळचे जेवण फिरून आल्यावर सातच्या सुमाराला, म्हणजे पर्स-किल्ल्यांच्या फार आधी, दुसऱ्या खोलीत द्या. त्यासाठी चिनीमातीचा एखादा जड वाडगा घ्या आणि तो जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे वाजणार नाही. शेजारी जमिनीवर बसून भाजी निवडा. त्याच्याकडे पाहू नका, ‘खा रे राजा’ म्हणू नका. वीस मिनिटांनी वाडगा मुकाट्याने उचला, मग तो रिकामा असो वा भरलेला. उरलेले अन्न ओल्या कचऱ्यात जाईल; कचरागाडीला तुमच्याकडच्या भाताची एव्हाना सवय झालीच असेल. संध्याकाळी दारातच त्याला घास देण्याऐवजी कपडे बदला, चहा घ्या, आणि अर्ध्या तासाने तोच वाडगा त्याच सतरंजीवर ठेवा. पहिले काही दिवस घास हातात धरून हात वाडग्यात ठेवावा लागेल. मग घास वाडग्यात सोडून हात काठावर ठेवा, आणि पुढे हात तिथून काढून घ्या. दिवसाचे एकूण अन्न तेवढेच ठेवून सुरुवातीला त्यातला मोठा वाटा संध्याकाळी दिलात तरी धडधाकट, वयात आलेल्या कुत्र्याचे त्याने काही बिघडत नाही. अन्नाचा प्रकारही महिनाभर बदलू नका. साधा भात आणि उकडलेले, हाडे काढलेले चिकन त्याच्या सवयीचे असेल तर तेच चालू द्या. किल्ल्या उचलून पुन्हा खुंटीला लावणे, चपला घालून स्वयंपाकघरातच वावरणे, दाराबाहेर अर्धा मिनिट थांबून आत येणे ही साधनाही त्याच्याकडून करून घ्यावी लागणार आहे, पण वाडगा रुळेपर्यंत तिला हात घालू नका.

याच आठवड्यात त्याला पशुवैद्याकडेही न्या, कारण २४ किलोंतले २ किलो म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक वजन झाले, आणि तेवढे नुसत्या धास्तीच्या नावावर टाकून मोकळे होता येत नाही. गोचिडांच्या तापातही भूक मरते, दुखऱ्या दातानेही मरते. रक्त तपासा, तोंड उघडून बघायला सांगा. तुम्ही घरी असताना, थाळी नजरेआड असतानाही त्याने पूर्ण दिवस अन्न नाकारले किंवा उलट्या केल्या, तर आठवड्याचीही वाट पाहू नका. गरज पडली तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जा, ते काही लांब नाही. या धास्तीवर फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन अशी औषधेही दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला भूक आणखी कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना फक्त ‘खूप भुंकतो’ असे न सांगता ‘जेवत नाही’ हे आधी सांगा. शेजारच्यांच्या कुत्र्याची उरलेली गोळी द्यायची नाही.

पहिल्या आठवड्यात तो सकाळचा वाडगा बहुधा हुंगून सोडून देईल, तुमचा जीव कासावीस होईल आणि तुमचे हात माळ्याकडे जातील. जाऊ देऊ नका. येत्या रविवारी सतरंजी अंथरा, वाडगा ठेवा, आणि ऑफिसची पर्स कपाटात बंद करून भाजी निवडायला बसा. तो दिवाणाखालून बाहेर आला तरी मान वर करू नका, आणि त्याने पहिला घास घेतला तरी सासूबाईंना हाक मारून दाखवू नका. त्या देवघरातून बघतच असतील.