'हे आमच्या स्वर्गातील पित्या': 'आमच्या' की 'आपल्या'?

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या शब्दांनी सुरू होते. येथे 'आपल्या' का नाही, असे एका वाचकाने विचारले आहे. 'आमच्या' म्हटले की इतरांना बाहेर ठेवून देवावर हक्क सांगितल्यासारखे वाटते, आणि परदेशी भाषांतरकारांना 'आम्ही' व 'आपण' यांतला फरक उमगला नसावा, अशी त्यांची शंका आहे. शंका रास्त आहे. परंतु येथे 'आमच्या' हाच शब्द बरोबर आहे, असे माझे ठाम मत आहे.

'आम्ही' हा शब्द सगळ्या जगाला वगळत नाही. ज्याच्याशी आपण बोलत असतो, फक्त त्याला वगळतो. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असे छापतात, कारण पत्रिका ज्याला जाते तो त्या घरचा नसतो. तोच पाहुणा दारात आला की यजमान 'आपलेच घर समजा' म्हणून त्याला आत घेतात. प्रार्थनेत ऐकणारा देव आहे. म्हणून 'आमच्या'मधून वगळला जातो तो केवळ देव; शेजारच्या बाकावर बसलेला माणूस, परक्या पंथाचा माणूस, किंवा मुळीच प्रार्थना न करणारा माणूस या शब्दाने बाहेर पडत नाही. उलट 'आपल्या पित्या' म्हटले, तर ज्याला हाक मारली त्या पित्यालाही कोणी पिता आहे, असा अर्थ निघू लागतो. पुढच्या ओळींत तर घोटाळा वाढतो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' येथे 'आपल्याला' घातले, की देवही भाकरीची वाट पाहणाऱ्यांत जाऊन बसतो. 'आमची ऋणे आम्हांला सोड' याचे 'आपली ऋणे' केले, तर 'आपण' हे आदरार्थी संबोधनही असल्यामुळे ती ऋणे खुद्द देवाचीच ठरण्याची भीती आहे.

मराठी भाषांतरकारांना हा फरक कळत होता, याचा पुरावा त्याच पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे. रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या आरंभी (1:7) प्रेषित पौल 'देव आपला पिता' म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:9) आणि येथे मूळ ग्रीक सर्वनाम एकच आहे, 'हेमोन', कारण ग्रीकमध्ये आम्ही-आपण असा भेदच नाही. पण पौल देवाशी नव्हे, तर देवाविषयी रोममधल्या बंधुजनांशी बोलत आहे, म्हणून तेथे 'आपला' आले. उपासनेतही हेच घडते: पाळक मंडळीला 'आपण प्रार्थना करू या' म्हणतात, आणि डोळे मिटताच तीच मंडळी 'आम्ही' होते. तमिळ आणि तेलुगू भाषांतही हा भेद आहे, आणि तेथील प्रार्थनांत 'एंगळ्' व 'मा', म्हणजे आपले 'आमच्या'च, योजले आहे. हिंदीत 'हमारे' एवढ्यावर काम भागते, त्यामुळे हिंदी भाषांतरकाराला हा प्रश्न पडतच नाही.

हा प्रश्न जगातल्या अनेक लहान भाषांत भाषांतरकारांपुढे उभा राहिला, आणि त्यांतील जुना व उत्तम नमुना दक्षिण अमेरिकेतील आहे. स्पॅनिश 'नुएस्त्रो'मध्ये आमचा आणि आपला दोन्ही येतात. तेथल्या केचुआ भाषेत मात्र 'यकू' (आमचा) आणि 'न्चिक' (आपला) असे दोन वेगळे प्रत्यय आहेत. दोमिंगो दे सांतो तोमास या धर्मगुरूंनी 1560 साली छापलेल्या केचुआ व्याकरणात या भेदाची नोंद केली. पुढे 1584 साली लिमा येथे स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा या तिन्ही भाषांत धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले, ते दक्षिण अमेरिकेत छापलेले पहिलेच पुस्तक. केचुआत प्रार्थना 'यायायकू', म्हणजे 'आमच्या पित्या', अशी सुरू होते. पण लोकांशी प्रभूविषयी बोलताना 'आपुन्चिक', म्हणजे 'आपला प्रभू', असे म्हणतात. पॅराग्वेतील ग्वारानी भाषेत ही जोडी आणखी स्पष्ट दिसते. तेथे प्रार्थनेत 'ओरे रू' आहे, त्यातला 'ओरे' म्हणजे आमचा. आणि देवाचे रोजच्या बोलण्यातले नाव 'न्यांदेजारा' आहे, त्यातला 'न्यांदे' म्हणजे आपला. देवाचे नाव घेताना सर्वांना सामावून घेणारे सर्वनाम त्या नावातच गुंफलेले असावे, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते, आणि प्रश्नकर्त्या वाचकांना जे हवे आहे तेही बहुधा हेच असावे.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत द्विवचनही आहे: आम्ही दोघे 'माउआ', आम्ही तीन वा अधिक 'मातोउ', तसेच आपण दोघे 'ताउआ', आपण सगळे 'तातोउ'. प्रार्थनेत 'मातोउ' ठरले, आणि एकटा माणूसही प्रार्थना म्हणताना तेच म्हणतो. आपल्याकडच्या संताळीतही असाच भेद आहे. 'आले' म्हणजे आम्ही आणि 'आबो' म्हणजे आपण.

प्रार्थनेपुरते उत्तर असे सरळ आहे. खरी कसोटी कथाभागात लागते, कारण तेथे ग्रीक मजकूर जे सांगत नाही ते भाषांतरकाराला ठरवावे लागते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळात तारू बुडू लागते, येशू वरामावर, म्हणजे तारवाच्या मागच्या भागात, उशाला उशी घेऊन झोपलेला असतो, आणि शिष्य त्याला जागे करून म्हणतात की बुडत आहोत, याची तुम्हांला काळजी नाही काय. 'आपण बुडत आहोत' म्हटले तर तोही त्यांच्याबरोबर बुडेल असे शिष्यांना वाटते. 'आम्ही बुडत आहोत' म्हटले तर त्याला काही होणार नाही अशी त्यांची समजूत दिसते, किंवा मग ती नुसती तक्रार ठरते. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. तारवात तोही आहे आणि शिष्यांना तो कोण हे अजून पुरते कळलेले नाही, म्हणून मी 'आपण'च्या बाजूने आहे.

लूकच्या चोविसाव्या अध्यायातले अम्माऊसच्या वाटेवरचे संभाषण याहून अवघड आहे. दोघे वाटसरू सोबतच्या अनोळखी माणसाला सांगतात की मुख्य याजकांनी व अधिकाऱ्यांनी येशूला मरणदंडासाठी पकडून दिले. हे याजक 'आमचे' की 'आपले'? तो अनोळखी माणूस येशूच आहे हे वाचकाला ठाऊक असते, वाटसरूंना नसते; म्हणून सर्वनाम त्यांच्या समजुतीप्रमाणे निवडले पाहिजे. यरुशलेमेत एवढे घडूनही ज्याला काहीच ठाऊक नाही असा हा परका, असे ते नुकतेच म्हणालेले आहेत. तेव्हा 'आमचे' म्हणावे, असे मला वाटते; पण तो परका असला तरी यहूदी आहे हे त्यांनी ओळखले होते असे धरले, तर 'आपले'ही चालेल.