वृद्धत्व आणि सामाजिक धोरण या विषयात समाजशास्त्रज्ञाला आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे का?

समाजशास्त्रात पीएच.डी. करताना वृद्धत्व आणि कल्याणकारी धोरण हा विषय घ्यावा, की हे क्षेत्र डॉक्टरांचे आणि अर्थतज्ज्ञांचेच आहे, असे आपण विचारले आहे. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ हाच विषय शिकवतो आहे आणि त्यातच संशोधन करतो आहे. विषय अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे.

माणूस म्हातारा कधी होतो हे शरीर ठरवते असे आपण धरून चालतो. परंतु प्रशासनाच्या लेखी ते कायदा ठरवतो. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा पात्रतेचे वय ७० होते आणि १९१६ मध्ये ते ६५ वर आणले गेले. त्या पाच वर्षांच्या फरकात किती घरांचे हिशेब बदलले असतील, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. या अभ्यासाची वाट ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी रुंद केली. त्यांनी १९५० च्या दशकात पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन येथे वृद्धांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या, पुढे इंग्लंड आणि वेल्समधील १७३ वृद्धनिवासांना भेटी दिल्या, आणि १९८१ च्या एका लेखात असे मांडले की वृद्धांचे परावलंबित्व मोठ्या प्रमाणात सक्तीची निवृत्ती, अपुरी पेन्शन आणि संस्थांमधील बंदिस्त जगणे यांतून घडवले जाते. माझे बहुतेक काम या मांडणीच्या आधारावर उभे आहे.

तिचा खरा अर्थ मात्र मला एका मुलाखतीत कळला. माझ्या प्रश्नावलीत ‘कोणाची मदत मिळते’ एवढाच रकाना होता. समोर बसलेल्या ७८ वर्षांच्या आजींनी मुलगी बाजारहाट करून देते असे सांगितले आणि मी त्यांची नोंद ‘मदतीवर अवलंबून’ अशी केली. त्या तासाभरात त्या तीनदा उठल्या: अंथरुणाला खिळलेल्या यजमानांना कुशीवर वळवायला, औषध द्यायला आणि ओली चादर बदलायला. हे काम लिहून घ्यायला माझ्याकडे जागाच नव्हती. तेव्हापासून ‘तुम्ही कोणाचे काय करता’ हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

व्यवहाराचे थोडे सांगतो. संख्याशास्त्र टाळू नका. त्याच माणसांकडे ठरावीक वर्षांनी पुन्हा जाणारी मोठी सर्वेक्षणे अमेरिकेत १९९२ पासून आणि इंग्लंडमध्ये २००२ पासून चालू आहेत. त्यांची आकडेवारी संशोधकांना वापरता येते, त्यामुळे निधीअभावी काम अडत नाही. सुरुवातीची वर्षे मुदतीच्या नेमणुकांत जातात, हेही धरून चला. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची संमती हा सर्वांत नाजूक भाग आहे: काल हो म्हटलेली व्यक्ती आज अस्वस्थ दिसली तर वही मिटून उठावे लागते, मग प्रबंधातले एक प्रकरण अपुरे राहिले तरी चालेल.

प्रबंधासाठी ‘वृद्धांच्या समस्या’ असा अघळपघळ विषय मात्र घेऊ नका. एकच तरतूद निवडा, उदाहरणार्थ हयातीचा दाखला. कायद्यातील कलमापासून कार्यालयातील खिडकीपर्यंत आणि तिथून अर्जदाराच्या घरापर्यंत तिचा माग काढा, आणि जे अर्ज करून नाद सोडून देतात त्यांना शोधून भेटा. मंजूर प्रकरणांच्या यादीत ते कधीच सापडत नाहीत.