केबल लावली, तरी एलपीटी१ का मिळत नाही?

प्रश्न: आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, बिलिंगचं जुनं डॉसवालं सॉफ्टवेअर नि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दोन्ही अजून ठणठणीत चालतात. नवीन कॉम्प्युटरला (विंडोज १०, ३२ बिट) पॅरलल पोर्टच नाही म्हणून यूएसबी टू पॅरलल केबल आणली. वर्डमधून प्रिंट निघते, बिलिंगमधून काहीच नाही. मुलाचा मॅक३वर (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) चालणारा सीएनसी राउटरही (कोरीवकाम-कटिंगचं मशीन) पॅरललवरच आहे, तो या केबलवर चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: केबल परत करायला धावू नका, ती चांगली आहे. ती कॉम्प्युटरला फक्त 'मी यूएसबी प्रिंटर' एवढंच सांगते, त्यामुळे विंडोज तिला यूएसबी००१ असं पोर्ट देतं, एलपीटी१ (म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी पहिलं पॅरलल पोर्ट) तयारच होत नाही, आणि डॉसचा प्रोग्राम तर बिल थेट एलपीटी१वरच पाठवतो.

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तो शेअर करा, नाव छोटं द्या, मध्ये स्पेस नको. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडा, शेवटी 'पर्सिस्टंट यस' टाका म्हणजे रोज करावं लागणार नाही. कमांड प्रॉम्प्ट साधाच उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलात तर ती जोडणी तुमच्या नेहमीच्या प्रोग्रामला दिसत नाही, इथेच बरेच जण अडकतात. ड्रायव्हर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली ठेवा, बारीक अक्षरांचे कोड जसेच्या तसे प्रिंटरपर्यंत जातात. नवीन एप्सन एलएक्स-३१० घेतलात तरी यूएसबीवर हेच करावं लागेल. विंडोज ११ मात्र ६४ बिटच आहे, त्यावर डॉसचा प्रोग्राम उघडतच नाही, तिथे डॉसबॉक्स-एक्स (डॉसचे प्रोग्राम चालवून देणारं सॉफ्टवेअर) वापरा, त्यात प्रिंटिंगची सोय आहे.

आता राउटर. नाही चालणार, आणि प्रयत्नही नको. तिथे पोर्टच्या पिना म्हणजे नुसत्या तारा असतात, एकीवर स्टेप (मोटर एक पाऊल हलवायचा इशारा, म्हणजे पल्स), एकीवर डिरेक्शन (कुठल्या दिशेने), आणि मॅक३ त्या थेट हलवतो, नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला २५,००० वेळा म्हणजे एका मिलिसेकंदात २५ वेळा! प्रिंटरसाठी बनवलेल्या केबलमधून हे होणं शक्यच नाही, यूएसबी डेटा गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठवतं, आणि मॅक३ पॅरलल पोर्टचा जो ३७८ हा नेहमीचा पत्ता शोधतो तो या केबलला नसतोच.

पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड टाकलं तर खरं पोर्ट मिळतं, पण मॅक३चा पॅरलल ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो आणि कार्डाचा पत्ता बहुतेक वेळा ३७८ नसतो, तो डिव्हाइस मॅनेजरमधून बघून सेटिंगमध्ये भरावा लागतो. लिनक्ससीएनसीवर (मॅक३सारखंच, पण लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअर) जायची तयारी असेल तर तिथेही हेच कार्ड चालतं. लॅपटॉपच वापरायचा असेल तर यूसी१००सारखा यूएसबी मोशन कंट्रोलर घ्या, तो पल्स स्वतः तयार करतो म्हणून यूएसबी मध्ये असूनही अडत नाही. माझं मत विचाराल तर मुलाने हाच घ्यावा. कार्डच घेणार असाल तर आधी कॅबिनेट उघडून कार्डाला लो प्रोफाइल (आखूड) पट्टी लागते का फुल हाइट (पूर्ण उंचीची), ते बघून घ्या.