मॉडेल बोटींच्या शर्यतीत पहिल्याच वेळी किती वर्गांत नाव द्यावे?

तुमच्याकडे चार सेलच्या बॅटरीवर चालणारी एक मोनो (एकाच सलग तळाची बोट), तेवढ्याच सेलची एक कॅटमरान (दोन जोडतळांची) आणि एक लहान आउटरिगर (दोन्ही बाजूंना दांड्यांवर तरंगे असलेली) अशा तीन इलेक्ट्रिक बोटी आहेत. अमेरिकेतल्या तुमच्या क्लबची दोन दिवसांची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. आणि नियमांनुसार पाच वर्गांत, म्हणजे बोटीचा प्रकार, सेल आणि मोटर यांवरून पाडलेल्या गटांत, उतरता येत असल्यामुळे पाचही वर्गांचे प्रवेशशुल्क भरावे का, असा तुमचा प्रश्न आहे. भरू नका. पहिल्या स्पर्धेला दोन वर्ग पुरेत, आणि त्यांपैकी एक मोनोचा असावा.

वर्ग किती घ्यायचे हे आपल्याकडे बोटी किती आहेत यावरून ठरवण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि मीही केली होती. खरा हिशेब दोन हीटांच्या, म्हणजे एकेका वर्गाच्या छोट्या शर्यतींच्या, मधल्या मिनिटांचा असतो. समजा एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, बारा हीट आहेत आणि पाण्यात बंद पडलेल्या बोटी गोळा करण्यासकट प्रत्येकीला सहा-सात मिनिटे लागतात. म्हणजे एकाच वर्गात नाव दिलेल्या माणसाची पाळी साधारण सव्वा तासाने पुन्हा येते, तर चार वर्ग घेणाऱ्याला सरासरी वीस मिनिटेही मिळत नाहीत. शिवाय ही सरासरी झाली. हीटांचा क्रम लागतो तेव्हा तुमचे दोन वर्ग एकामागोमाग येण्याची शक्यता भरपूर असते, आणि मधल्या वेळात टर्न मार्शल म्हणून वळणावर उभे राहण्याची किंवा बोटी गोळा करणाऱ्या होडीवर बसण्याची पाळीही तुमच्यावर येते. ती टाळणाऱ्याकडे क्लबात कोणी प्रेमाने पाहत नाही.

त्या मिनिटांत करायचे काय असते, तेही सांगतो. झाकणाची टेप सोलून बॅटरी काढायची, मागचे बूच उघडून आत शिरलेले पाणी सांडायचे, गार पाण्याच्या नळीत शेवाळ अडकले आहे का हे फुंकून पाहायचे, फ्लेक्स शाफ्ट (मोटर आणि प्रॉपेलर जोडणारा तारांचा लवचिक दांडा) बाहेर ओढून पुसायचा, त्याची एखादी तार सुटली आहे का हे बोट फिरवून तपासायचे आणि ग्रीस लावून तो परत बसवायचा. त्यानंतर प्रॉपच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, पात्याला वळणाच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयाचा फटका बसून काठ दुमडला आहे का ते पाहायचे, दुसरी बॅटरी घालायची आणि कोरड्या केलेल्या कडेवर नवी टेप लावायची. हात सरावलेला असेल तर हे काम दहा मिनिटांत होते. पहिल्या स्पर्धेत त्याला वीस लागतात.

बॅटरीचा हिशेब याहून कडक आहे. 5000 एमएएच क्षमतेची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी 5 अँपियरने चार्ज केली, तर रिकामी झाल्यावर भरायला तासभर लागतो. पॅक दुप्पट वेग सोसणारा असेल तर अर्धा तास. पण शर्यतीतून आलेला पॅक हाताला गरम लागत असतो आणि तो निवल्याशिवाय चार्जरला लावू नये, म्हणून तोही वेळ त्यात धरावा. मोनो आणि कॅटमरान दोन्ही चार सेलच्या असल्याने त्यांचे पॅक, चार्जर आणि प्रसंगी प्रॉपसुद्धा एकमेकींना चालतात, आणि माझ्या लेखी हीच जोडी निवडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. आउटरिगरचे सगळेच वेगळे, म्हणजे तिच्यासाठी दुसरी पेटी सांभाळणे आले.

आता गुणांकडे पाहा. 'नाम्बा', म्हणजे नॉर्थ अमेरिकन मॉडेल बोट असोसिएशन, हिच्या पद्धतीत हीटमध्ये पहिल्याला 400, दुसऱ्याला 300, तिसऱ्याला 225, चौथ्याला 169 आणि पाचव्याला 127 गुण मिळतात, आणि सगळ्या राउंडची बेरीज होते. चार राउंडपैकी दोनदा पहिला आलेला, पण उरलेल्या दोन वेळा बोट पाण्यातच उतरवू न शकलेला माणूस 800 वर थांबतो. चारही वेळा निमूटपणे तिसरा आलेला 900 घेऊन त्याच्या पुढे जातो. हीट चुकण्याची किंमत एवढी जबर असताना, ती चुकण्याची शक्यता वाढवणारा तिसरा आणि चौथा वर्ग पैसे देऊन का घ्यावा?

माझ्या तिसऱ्या स्पर्धेत मी चार वर्ग घेतले होते. शनिवारी दुपारी मोनोची हीट संपवून तिच्यातले पाणी सांडले, तेवढ्यात कॅटमरानच्या हीटचा पुकारा झाला म्हणून तिच्यामागे धावलो, आणि परत आल्यावर मोनोत बॅटरी घालून, टेप लावून तिला पाण्यात सोडले. घड्याळाचे आकडे ध्वनिक्षेपकावरून मोजले जात होते, बोटी सुरुवातीच्या रेषेकडे जाण्याआधीच्या घिरट्या घालत होत्या, आणि माझी मोनो काही केल्या पाण्यावर उचलली जाईना. मागची बाजू खाली, नाक वर, गाभण म्हशीसारखी चाल. मला वाटले प्रॉपला गवत गुंडाळले आहे. पहिल्याच वळणावर ती उभी राहिली, आणि आत कोंबलेल्या फोमच्या नळकांड्यामुळे तिचे वीतभर नाक तेवढे पाण्यावर राहिले. बूच माझ्या शर्टच्या खिशात होते. मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर गेला, सुकाणू वळवणारा सर्व्होही गेला, आणि ती धांदल निस्तरताना पुढच्या वर्गाची हीटही हुकली.

तुमच्या पाच वर्गांतले दोन बहुधा असे असतील, की मोटरवर मर्यादा असलेल्या वर्गातली बोट त्याच सेलसंख्येच्या खुल्या वर्गातही धावू शकते. एका बोटीत दोन वर्ग स्वस्तात पडतात असे वाटते, पण खुल्या वर्गात ती बोट मागेच राहते, आणि शाफ्ट तुटला तर एका फटक्यात दोन्ही वर्ग बुडतात.

थोडेच वर्ग आणि त्यांत मोनो, हा आग्रह मी आणखी दोन कारणांसाठी धरतो. या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, सगळी वळणे उजवीकडे असतात, आणि सुरुवात धावती असते: घड्याळ शून्यावर येण्याआधी रेषा ओलांडली तर एक लॅप जास्त मारावी लागते. रेषेपासून किती अंतरावर असताना थ्रॉटल दाबायचा याचा अंदाज बोटीगणिक वेगळा असतो, आणि तो डोळ्यांत बसायला त्याच बोटीच्या बऱ्याच सुरुवाती लागतात. शिवाय दुपारी वारा सुटून पाणी खडबडीत झाले, की हवेवर तरंगणारी आउटरिगर पटकन उलटते आणि मोनो मात्र लाटा कापत शेवटपर्यंत पोहोचते.

नाव देण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: तुमच्या दोन वर्गांच्या हीट एकमेकींपासून लांब ठेवता येतील का, आणि त्या वर्गांत आतापर्यंत किती नावे आली आहेत. पुरेशा बोटी नसल्या तर वर्गच रद्द होतो. सोबत मदतीला कोणी येणार असेल, आणि त्या व्यक्तीला बूच, टेप, बॅटरी हा क्रम पाठ असेल, तर तिसऱ्या वर्गाचा विचार करायला माझी हरकत नाही; पण तो पुढच्या स्पर्धेपासून. आउटरिगर गाडीत जरूर ठेवा. जेवणाच्या सुट्टीत पाणी मोकळे मिळाले, तर तिला तिथल्या बोयांभोवती दोन-चार फेऱ्या मारून पाहता येतील.